फरक बोलायचा, तर कारणापर्यंत बोला

मित्रहो, एक तक्रार हल्ली सतत कानावर येते. लोक फार हळवे झालेत, समूहासमूहांतल्या फरकांवर मोकळेपणानं बोलायची सोयच राहिली नाही. या तक्रारीत तथ्य आहे. कुणी आकडे मांडू लागला की ऐकणारे आधी त्याचा हेतू तपासतात, आणि आकडे तसेच पडून राहतात. पण सगळा दोष हळवेपणाच्या माथी मारणं मला पटत नाही.

ही धास्ती आली कुठून ते बघा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या गेल्या. त्यांच्या आधारे 1923 मध्ये कार्ल ब्रिघम या मानसशास्त्रज्ञानं युरोपीय वंशांची उतरंड मांडली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रत्येक राष्ट्राचा कोटा ठरवून दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट अडवणारा स्थलांतर कायदा झाला. 1930 मध्ये ब्रिघमनं स्वतःच आपले निष्कर्ष मागे घेतले, पण राष्ट्रवार कोटे मोडीत काढणारा कायदा यायला 1965 उजाडलं. अशा आकड्यांनी ज्यांची दारं बंद झाली, त्यांची मुलं-नातवंडं नवा आकडा ऐकताना सावध होणारच. त्याला मी हळवेपणा म्हणणार नाही.

तरीही गप्प राहण्याची किंमत मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा ती ज्यांना जपायचं म्हणून आपण गप्प राहतो त्यांनाच. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. तो बोटातून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं, त्यामुळे सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. ही शंका 1990 पासून नोंदलेली होती. 2020 च्या शेवटी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन 88 च्या खाली निघाला, असं गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के वेळा आणि कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के वेळा घडलं. म्हणजे तिपटीहून जास्त. सर्वांना एकच माप लावणं दिसायला न्याय्य होतं; इथं त्यानं आजारच झाकला.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण. मूत्रपिंड किती काम करतं, हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून, म्हणजे स्नायूंतून तयार होणाऱ्या टाकाऊ द्रव्यावरून काढतात; उत्तराचा आकडा जितका मोठा, तितकं मूत्रपिंड चांगलं. 2009 च्या प्रचलित सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला 1.159 नं गुणायचं, असा नियम होता. इथं कुणी फरक लपवला नव्हता, उलट तो सूत्रातच बसवला होता. पण सरासरीतल्या या फरकाचं कारण काय, याचा पुरता छडा लागलेला नव्हता. कृष्णवर्णीयांचे स्नायू जास्त असतात, एवढ्या गृहीतकावर वर्षं गेली. परिणाम बघा. अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाल मोजायला आकडा 20 किंवा त्याखाली लागतो. सूत्रानं ज्याचं उत्तर 18 आलं असतं, त्याचं गुणाकारानंतर जवळजवळ 21 होतं. त्वचेचा रंग नोंदवला आणि माणूस रांगेबाहेर.

म्हणून मला वाटतं, आपल्या चर्चेची खोड अर्ध्यावर थांबण्यात आहे. एक बाजू फरक उच्चारूच देत नाही. दुसरी फरक उच्चारते आणि तिथंच हात झटकते, जणू सरासरी सांगितली की कारण सांगून झालं. दुसऱ्या बाजूचे लोक स्वतःला धाडसी समजतात. मला ते धाडस वाटत नाही. मोजलं काय, कुणाचं मोजलं, गटाच्या आत किती विखुरलेपण आहे, आणि परिस्थिती बदलली तर फरक टिकतो का, हे विचारायला जास्त कष्ट पडतात. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त आहे, हे सांगताना कुणाला संकोच वाटत नाही, कारण समोरच्या उंच बाईला त्यावरून कुणी बुटकी ठरवत नाही. बुद्धी, गुन्हे, कमाई या विषयांत मात्र आपण नेमकं तेच करतो.

मूत्रपिंडाच्या सूत्रावर अखेर उघड वाद झाला. डॉक्टर आणि रुग्ण दोघंही बोलले, कुणाला ते खटकलंही. 2021 मध्ये वंशाचा गुणक नसलेलं नवं सूत्र आलं. जानेवारी 2023 पासून अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना जुन्या सूत्रामुळे मागे राहिलेले कृष्णवर्णीय रुग्ण शोधून त्यांचा प्रतीक्षाकाल दुरुस्त करणं बंधनकारक झालं, आणि गमावलेला काळ त्यांच्या खात्यावर परत जमा होऊ लागला.