नववा सामना

(दृश्य: काइल फील्ड, कॉलेज स्टेशन, टेक्सास. रात्र. प्रेक्षक एकमेकांच्या गळ्यात हात टाकून डोलताहेत.)

कॅमेरा हलत नाहीये, गॅलरी हलतेय. १,०२,७३३ माणसांचं हे स्टेडियम आज त्याहूनही जास्त भरलंय. तारीख ३० नोव्हेंबर २०२४. अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना, टेक्सास ए अँड एम विद्यापीठ विरुद्ध टेक्सास विद्यापीठ. चाललंय ते गाणं ए अँड एमचं, पण त्यात उद्धार समोरच्यांचा. समोरच्यांच्या गाण्यातही यांना टोमणा आहेच. २०१२ ते २०२३ ही बारा वर्षं हे दोन संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत. गाणी तेवढी चालू होती.

(दृश्य: नकाशा. ऑस्टिन, कॉलेज स्टेशन.)

दोन गावांत अंतर शंभरेक मैल. सामना १८९४ पासूनचा. तो मोडला कॉन्फरन्समुळे. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये विद्यापीठं गट करून राहतात, तीच कॉन्फरन्स. मोसमाला सामने बारा. त्यातले आठ किंवा नऊ कॉन्फरन्स लावून देते, उरलेले विद्यापीठ स्वतः ठरवतं. २०११ मध्ये टेक्सास विद्यापीठानं ईएसपीएन या क्रीडावाहिनीबरोबर स्वतःचं चॅनल काढलं, वीस वर्षांचे ३० कोटी डॉलर. शेजाऱ्याला ते झोंबलं. पुढच्या वर्षी ए अँड एम साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसईसीत गेलं. आता भेटायचं तर दोघांनी आपापल्या हातातल्या तीन-चार तारखांतली एक द्यायला हवी होती. ती दिली गेली नाही. २०२४ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा दोघंही एसईसीत आले, तेव्हा कुठं हा सामना परत लागला.

(दृश्य: पांढरा फळा. सोळा संघांची नावं, मधे रेघाच रेघा.)

हा फळा नीट पाहा, सगळी मारामारी इथं आहे. एसईसीत संघ सोळा, म्हणजे प्रत्येकाला प्रतिस्पर्धी पंधरा. २०२५ पर्यंत प्रत्येकानं कॉन्फरन्समधले आठ सामने खेळायचे, एकूण ६४. २०२६ पासून नऊ, एकूण ७२. नवव्या सामन्यानं गणित सुटतं ते असं: तीन प्रतिस्पर्धी दरवर्षी ठरलेले. उरले बारा, सहा या वर्षी, सहा पुढच्या वर्षी. दोन वर्षांत सगळ्यांशी गाठ पडते आणि चार वर्षांत प्रत्येकाच्या मैदानावर एकदा जाणं होतं. आठ सामन्यांत हेच साधायचं तर ठरलेला प्रतिस्पर्धी एकच ठेवता येतो. मग अलाबामानं आपल्या जुन्या वैऱ्यांपैकी ऑबर्नला धरायचं की टेनेसीला? असा प्रश्न तिथल्या माणसाला विचारूच नये.

नऊ हा आकडा विषम, त्यामुळे एका वर्षी पाच सामने घरी आणि चार बाहेर, पुढच्या वर्षी उलट. त्यात हा एक अपवाद.

(दृश्य: कॉटन बोल, डॅलस. अर्धी गॅलरी नारिंगी, अर्धी किरमिजी.)

टेक्सास–ओक्लाहोमा. दोघांचंही घर नव्हे. जत्रेच्या आवारातलं मैदान, आणि प्रेक्षक बरोबर मध्यरेषेवर दुभंगलेले. कागदावर मात्र दरवर्षी एकाला यजमान लिहावं लागतं, आणि त्याचा घरचा एक सामना गेला.

(दृश्य: नॅशविल, ५ ऑक्टोबर २०२४. गोलपोस्ट खांद्यावर घेऊन निघालेली मुलं.)

आता सुट्टीच्या आठवड्याचं. २०२४ आणि २०२५ मध्ये मोसमाला चौदा शनिवार मिळाले, म्हणून सुट्ट्या दोन. २०२६ ला शनिवार तेरा, सुट्टी एक. ती कुठं पडते याला किती किंमत? २०२४ मध्ये अलाबामानं २८ सप्टेंबरला जॉर्जियाला ४१–३४ असं दमवून हरवलं, स्वतःही दमले. त्या शनिवारी व्हँडरबिल्टला सुट्टी होती. आठवड्यानं व्हँडरबिल्ट ४०, अलाबामा ३५. १९८४ नंतर पहिल्यांदा. हे गोलपोस्ट चाललंय कंबरलँड नदीत. मैदानात घुसल्याचा दंड विद्यापीठाला १ लाख डॉलर.

(दृश्य: जुनी कृष्णधवल फीत. रोझ बोल, १ जानेवारी १९२६.)

कॅलिफोर्नियात अलाबामा २०, वॉशिंग्टन १९. रोझ बोल या नववर्षाच्या मानाच्या सामन्यात आलेला अमेरिकेच्या दक्षिणेचा हा पहिलाच संघ. १८६५ मध्ये यादवी युद्ध हरलेल्या प्रदेशाला मिरवायला काहीतरी मिळालं, आणि परतीच्या गाडीला स्टेशनांवर गर्दी झाली. हा अभिमान फक्त गोऱ्यांचा होता. एसईसीच्या सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९६७ मध्ये.

(दृश्य: प्रेक्षकांचा एका सुरातला घोष, "एस-ई-सी, एस-ई-सी!")

कॉन्फरन्सचं नाव घेऊन ओरडणारे प्रेक्षक, हे इथलंच खूळ. वर्षभर शेजाऱ्याचं वाईट चिंतायचं आणि त्यानं उत्तरेच्या संघाला हरवलं की जयघोष आपणच करायचा. वयं पंचाधिकं शतम्, आपल्याला नवीन नाही. पण त्यासाठी शेजाऱ्याशी दरवर्षी भांडायला मिळालं पाहिजे, आणि नववा सामना त्याचसाठी हवा होता.

(दृश्य: बॅटन रूज, स्टेडियमबाहेरचे तंबू आणि शेगड्या.)

काही गेलंही. अलाबामा–एलएसयू (बॅटन रूजचं लुइझियाना स्टेट विद्यापीठ) आणि टेनेसी–फ्लोरिडा आता दरवर्षी नाहीत. कॉन्फरन्सचे एकूण आठ सामने वाढले, म्हणजे आठ पराभव वाढले. पैसे घेऊन मार खायला येणाऱ्या लिंबूटिंबू कॉलेजांची एक तारीखही बुडाली.

(दृश्य: पहाटेचा महामार्ग, झेंडे लावलेल्या गाड्या.)

तारखा कळल्या तरी वेळ कळत नाही. बऱ्याच सामन्यांची नक्की वेळ टीव्हीवाले बारा दिवस आधी सांगतात, कधीकधी सहाच दिवस आधी. तोवर फक्त सकाळ, दुपार की रात्र एवढा अंदाज, काहींचा तोही नाही. म्हणून जुने प्रेक्षक खोली शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही रात्रींची धरतात.