‘कॅटास्ट्रफी’चं वजन

नमस्कार मंडळी,

‘कॅटास्ट्रफी’ हा शब्द बातम्यांमधून सारखा कानावर पडतो. मूळ ग्रीक: ‘काता’ म्हणजे खाली, ‘स्त्रेफो’ म्हणजे फिरवणं. आपल्याकडचं ‘उलथणं’ त्याच्या अगदी जवळचं. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला तो नाटकाच्या संदर्भात. शेवटी कथानक फिरतं, ती कलाटणी. संकटाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

आपण दोन-तीन भाषांत वावरणारी माणसं. शब्द ओळखीचा दिसला की अर्थही तोच धरून चालतो, आणि तिथेच फसतो. रशियन घ्या. तिथे विमान अपघातांच्या वर्गवारीत ‘कतस्त्रोफा’ म्हणजे माणसं दगावलेला अपघात. विमानाचा चक्काचूर झाला पण सगळे वाचले, तर ती ‘अवारिया’. मथळ्यातल्या त्या एका शब्दावरून, कोणी गेलं की नाही, हे कळतं.

जर्मन माणूस खोलीतल्या पसाऱ्यालाही ‘काटास्ट्रोफं’ म्हणेल. फ्रान्समध्ये मात्र शब्दाला पैशांचं वजन आहे. १९८२च्या कायद्यानुसार, सरकारने एखाद्या गावासाठी ‘कातास्त्रोफ नात्युरेल’ असा आदेश काढल्याशिवाय पूरग्रस्ताला त्या योजनेतली विमाभरपाई मिळत नाही.

आणि खुद्द ग्रीसमध्ये? ‘कातास्त्रोफी’ म्हणजे नासधूस, रोजच्या बोलण्यातला शब्द. पण इतिहासाच्या ओघात नुसतं ‘कातास्त्रोफी’ म्हटलं की १९२२ समजायचं. ग्रीस-तुर्कस्तान युद्धात ग्रीक सैन्य हरलं आणि त्या सप्टेंबरात स्मिर्ना, म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझमिर शहर, जळालं. मागे आग, पुढे समुद्र, आणि मधल्या धक्क्यावर हजारोंची गर्दी. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये दोन्ही देशांत लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरली. आधीच पळालेले धरून बारा लाखांच्या आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. निकष धर्माचा होता, भाषेचा नाही. त्यामुळे घरात तुर्की बोलणारी कुटुंबं ‘ग्रीक’ ठरली आणि क्रीट या ग्रीक बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संसाराचं होत्याचं नव्हतं झालं.

म्हणून अनुवाद करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सगळीकडे ‘आपत्ती’ लिहून मोकळे होऊ नका. फ्रेंच विम्याच्या कागदावर ‘नैसर्गिक आपत्ती’ चपखल बसते. रशियन अहवालात ‘जीवितहानी झालेला अपघात’ असं स्पष्ट म्हणा. १९२२साठी मात्र मी ‘सर्वनाश’च लिहीन.