गर्दी नसण्याचे पैसे

नमस्कार मंडळी. पैशांपासूनच सुरुवात करते, नाहीतर तुम्ही तासभर मनातल्या मनात आकडेमोड करत बसाल आणि माझं बोलणं डोक्यावरून जाईल.

जोहान्सबर्गला उतरायचं. तिथून क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या साबी सँडमध्ये तीन रात्री. मग बोत्स्वानातलं माउन गाव, माउनहून छोट्या विमानानं ओकावांगोच्या पाणथळीतले दोन वेगवेगळे कॅम्प, पुढे चोबे नदी आणि शेवटी व्हिक्टोरिया धबधबा. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या महागड्या सफारीची ही मळलेली वाट. हंगामात चांगल्या कॅम्पचा दर एका रात्रीला हजार डॉलरच्या पुढेच सुरू होतो, नावाजलेल्या ठिकाणी दोन हजारांच्या वर जातो, आणि हा दर खोलीचा नसतो, माणशी असतो. जेवणखाण आणि सफाऱ्या त्यात आल्या. विमानं बहुधा वेगळी.

समोरून कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. बरोबर आहे.

तर एवढे पैसे कशाचे? माहितीपत्रकात तंबूतलं न्हाणीघर दिसतं, पितळी नळ दिसतात, नदीकडे तोंड करून ठेवलेला टब दिसतो. त्या सगळ्याचा वाटा रकमेत फार थोडा. तुम्ही मोजता ते गर्दी नसण्याचे पैसे. ताडोब्यात वाघीण रस्त्यावर आली की काय होतं ते इथल्या निम्म्या मंडळींनी पाहिलंय. जिप्सीला जिप्सी भिडते, मागचा गाइड ‘थोडं पुढे घे’ म्हणत राहतो आणि फोटोत वाघिणीपेक्षा पुढच्या गाडीतल्या काकांची टोपीच जास्त येते. ओकावांगोतल्या एखाद्या खासगी कन्सेशनमध्ये, म्हणजे कराराने भाड्यानं दिलेल्या रानात, तुम्ही रानकुत्र्यांच्या टोळीमागे तासभर हिंडता आणि दुसरी गाडी दिसत नाही. हे आपोआप घडत नाही. त्यामागे धोरण असतं, भलीमोठी जमीन असते, आणि ती जमीन कुणाची तरी असते. त्या ‘कुणाची’कडे मी नंतर येणार आहे.

आधी ओकावांगो, कारण या सगळ्या वाटेवर मला जास्तीत जास्त रेंगाळावंसं वाटतं ते तिथेच. ही नदी अंगोलाच्या पठारावर उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून बोत्स्वानात शिरते, आणि समुद्राला मिळतच नाही. कालाहारीच्या वाळूत पसरते आणि तिथेच संपते. बहुतेक पाणी उन्हानं आणि झाडापानांवाटे हवेत उडून जातं.

गंमत आहे ती वेळेची. अंगोलात पाऊस पडतो साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण हा सगळा प्रदेश इतका सपाट, अडीचशे किलोमीटरात उतार जेमतेम साठेक मीटर, आणि वाटेत पपायरस या उंच पाणगवताची इतकी दाटी, की ते पाणी माउनपर्यंत पोचायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे बोत्स्वानात पावसाचा थेंब नाही, चहूकडे गवत वाळलेलं, आणि नेमका तेव्हा पूर येतो. पूर म्हटल्यावर आपल्याला पंचगंगा आठवते. इथला पूर कोरड्या चरातून वाळकी पानं आणि काटक्या पुढे ढकलत, चालत्या माणसापेक्षाही सावकाश येतो. पाण्याच्या कडेनं किडे जीव घेऊन पळत असतात आणि ते टिपायला पक्षी आधीच येऊन थांबलेले असतात. दुष्काळाच्या ऐन तोंडावर पाणी येत असल्यानं आसपासच्या कोरड्या मुलखातले हत्ती, म्हशी, झेब्रे सगळे इकडेच वळतात.

आता तिथल्या बेटांकडे बघा. विमानातून खाली पाहिलं की गोल गोल बेटं दिसतात. कडेला झाडांची गर्द किनार आणि मधोमध पांढरं टक्कल. यातल्या कितीतरी बेटांची सुरुवात वाळवीच्या वारुळापासून झालेली आहे. जमीन कोरडी असते त्या वर्षांत वाळवी वारूळ बांधते. पूर आला की तेवढाच उंचवटा पाण्याबाहेर राहतो. त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडं उगवतात. झाडं मुळांनी पाणी ओढून घेतात, ते पानांवाटे उडून जातं आणि पाण्यातले क्षार बेटाखाली साठत जातात. मध्यावर ते इतके साचतात की तिथे झाड जगत नाही. म्हणून ते टक्कल. एवढं पाणी दरवर्षी आटूनही ओकावांगो खारट होत नाही, ते या बेटांनी क्षार पोटात घेतल्यामुळे. २०१४ साली युनेस्कोनं ओकावांगोला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्या यादीतलं ते हजारावं स्थळ. मानपत्र द्यायचंच होतं तर माझ्या मते ते वाळवीला द्यायला हवं होतं.

या पाण्यातून हिंडायचं ते मोकोरोतून. पूर्वी ही होडी अख्ख्या ओंडक्यातून कोरत. मोठी झाडं वाचावीत म्हणून आता बहुतेक ठिकाणी फायबरच्या होड्या आहेत, आकार तोच. मागे उभा राहून एक जण लांब काठीनं होडी ढकलतो आणि तुम्ही जवळजवळ पाण्याच्या पातळीला बसलेले असता. अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक लव्हाळ्याच्या पात्याला चिकटून नाकासमोरून जातो. पुढे पाणघोडा दिसला की होडीवाला मुकाट्यानं वाट बदलतो. ‘जरा जवळ घ्या ना’ असं त्याला म्हणू नका. सिंहापेक्षा पाणघोड्याला तो जास्त मानतो आणि त्याला कारण आहे.

बोत्स्वानानं ठरवून टाकलं की पर्यटक थोडे यावेत आणि त्यांनी भरपूर पैसे द्यावेत. राखीव जंगलाबाहेरच्या पाणथळीचा मोठा भाग कन्सेशनमध्ये वाटलेला आहे. ती जमीन ठरावीक वर्षांच्या कराराने भाड्यानं दिली जाते, काही ठिकाणी स्थानिक गावांच्या ट्रस्टमार्फत, आणि तिथे किती खाटांचा कॅम्प चालेल यावर बंधन असतं. म्हणजे हजारो हेक्टरांत वीस-चोवीस पाहुणे. जमिनीचं भाडं, पगार, विमानानं किंवा ट्रकनं येणारा भाजीपाला, सगळा भार त्या वीस-चोवीस डोक्यांवर. मधलं मोरेमी अभयारण्य तर बाटावाना लोकांनी १९६३ साली आपल्याच मुलखातून राखून ठेवलं. बोत्स्वाना स्वतंत्र झाला १९६६ साली, त्याच्याही आधी.

कॅम्पपर्यंत जायला बहुधा रस्ता नसतो, असला तर निम्मं वर्ष पाण्याखाली. म्हणून छोटं विमान. त्यात सामान माणशी पंधरा-वीस किलो, कॅमेरा आणि हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ हवी. कारण साधं आहे: सामान जातं विमानाच्या पोटाखालच्या अरुंद पेटीत, तिथे कडक चाकांची सूटकेस वळतच नाही. आमच्या गटातल्या एका काकूंनी भडंग आणि लाडवांनी भरलेली तसली बॅग आणली होती. बॅग माउनला राहिली, लाडू उशीच्या अभ्र्यातून गेले.

साबी सँडचा प्रकार वेगळा. क्रूगर आणि साबी सँड यांच्यामधलं कुंपण १९९३ साली काढलं, तेव्हापासून जनावरांच्या दृष्टीनं दोन्ही रान एकच. माणसांच्या दृष्टीनं नाही. क्रूगर सरकारी, साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं. आपला ताडोबा प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सतराशेच्या थोडा वर. क्रूगरमध्ये रस्ता सोडता येत नाही. साबी सँड खासगी मालकांचं, तिथे बिबट्याच्या मागे गाडी झुडपांत घालता येते. एका जनावरापाशी बहुधा दोन-तीनच गाड्या, बाकीच्यांनी दूर थांबून रेडिओवर नंबर लावायचा. बिबटे पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बघत वाढल्यानं ढुंकूनही पाहत नाहीत. काही जणांना हे फार पाळीव वाटतं. मलाही कधीकधी वाटतं.

पण तिथे बघायचा असतो तो माग काढणारा. गाडीच्या बॉनेटच्या टोकाला एक खुर्ची बसवलेली असते, तिच्यावर तो बसतो. यातले अनेक जण आसपासच्या गावांतले, शांगान समाजातले. पहाटे वाळूत बिबट्याचा ठसा दिसला की तो उतरतो, वाकतो, आणि ठशावरून किड्याच्या पायांची बारीक रांग गेली आहे का ते बघतो. गेली असेल तर ठसा किडे बाहेर पडण्याआधीचा, म्हणजे शिळा, त्याच्यामागे जाण्यात अर्थ नाही. कडा अजून धारदार असतील, वर काही पडलेलं नसेल, तर हाताच्या एका खुणेनं तो ड्रायव्हरला दिशा दाखवतो. बोलणं नाही. तुमच्या हजार डॉलरांतलं खरं वसूल होणारं काही असेल तर ती खूण.

चोबेबद्दल थोडक्यात, कारण तिथे गर्दी आहे. कसाने गावाजवळच्या नदीकाठी कोरड्या दिवसांत हत्ती शेकड्यांनी येतात आणि गाड्याही. म्हणून चोबे होडीतून बघावं. चोबे गेम लॉजमध्ये सगळे गाइड स्त्रिया आहेत हे जाता जाता सांगते. नदीतल्या सेदुदू बेटावरून बोत्स्वाना आणि नामिबिया थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९९९ साली निकाल बोत्स्वानाच्या बाजूनं लागला. बेट दरवर्षी काही महिने पुराच्या पाण्याखाली असतं, आणि सोंडा वर काढून पोहत जाणारे हत्ती तेव्हाही तिथे जात होते, आताही जातात.

आता कधी जायचं. आपल्याला सुट्ट्या दोनच: उन्हाळ्याची आणि दिवाळीची. व्हिक्टोरिया धबधबा १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच. एप्रिलच्या सुमाराला तो पूर्ण भरात असतो, इतका की तुषारांच्या ढगात समोरचं काही दिसत नाही आणि तुम्ही नखशिखांत भिजता. पण तेव्हा रानात गवत उंच, जनावरं पांगलेली. दिवाळीत उलटं. ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो, जनावरं पाण्यापाशी एकवटतात, चोबे तर बघत राहावं असं, पण धबधब्याचा झांबियाकडचा बराच भाग नुसता कातळ. तेव्हा झिम्बाब्वेकडून बघा. दोन्ही हवं असेल तर मुलांच्या शाळेशी भांडून जून-जुलैत जा. फक्त तिथे तेव्हा हिवाळा असतो. पहाटे उघड्या गाडीत कांबळी आणि गरम पाण्याच्या पिशव्या देतात, तरी कानटोपी लागतेच.

मघाशी म्हटलं, जमीन कुणाची. क्रूगरच्या अगदी उत्तरेला, जिथे दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि मोझांबिक एकत्र येतात, तिथे मकुलेके लोक राहत. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारनं त्यांना हुसकावलं आणि जमीन उद्यानाला जोडली. सत्तांतरानंतर त्यांनी दावा लावला आणि १९९८ साली सुमारे २४,००० हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. ते तिथे परत राहायला गेले नाहीत. जमीन उद्यानातच ठेवली, तिच्यावर लॉज चालवायला दिले, आणि त्याचं उत्पन्न समाजाकडे येतं. सगळं गोड झालं असं नाही, पण कागदावर मालक कोण याला उत्तर आहे. तुम्ही बुकिंग करताना एजंटला हे जरूर विचारा: जमीन कुणाची, भाडं कुणाला जातं? ज्याला माहीत आहे तो दोन वाक्यांत सांगतो. जो लगेच पुन्हा टबाकडे वळतो त्याच्याबद्दल काय समजायचं ते समजा.

बोत्स्वानात हत्ती एक लाख तीस हजारांच्या आसपास, माणसं चोवीस लाखांच्या आतबाहेर. पाणथळीच्या काठच्या शेतकऱ्याचं वर्षाचं ज्वारी-मक्याचं पीक एका रात्रीत जातं. २०१४ साली तिथे शिकारबंदी झाली आणि २०१९ साली उठली, तेव्हा युरोप-अमेरिकेत फार ओरड झाली. मला शिकार आवडत नाही. पण आपल्याकडे गव्यानं किंवा रानडुकरानं शेत उडवलं की आपण काय बोलतो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या ओरडीत मला सूर मिसळता आला नाही.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लशीबद्दल. केनिया किंवा इथिओपियामार्गे विमान असेल तर एजंटच्या भरवशावर राहू नका, स्वतः चौकशी करा. पीतज्वराच्या देशातून दाखल्याशिवाय परत आलात तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस एकदाच घ्यावी लागते, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि जन्मभर चालतो. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना वेगळं विचारा.

दुसरी चिठ्ठी: एवढे पैसे नसतील तर? क्रूगरला जा. गाडी भाड्यानं घ्या, तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात. सटारा, लोअर साबी, स्कुकुझा अशा सरकारी कॅम्पांत गोल झोपड्या मिळतात, बऱ्याच झोपड्यांत फ्रिज आणि शेगडी असते, तेव्हा पिठलं-भाताचीही सोय झाली. डांबरी रस्त्यावर वेग ताशी पन्नास, कच्च्यावर चाळीस, आणि ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. सिंहापाशी दहा गाड्या उभ्या असतील, ते सोडून द्या. एखाद्या पाणवठ्यापाशी इंजिन बंद करून सकाळभर बसा, बाकीच्यांना तेवढा धीर नसतो. झोपड्या लवकर भरतात, तेव्हा अकरा महिने आधी बघायला लागा, आणि संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत कॅम्पवर पोचा. उशीर झाला तर दंड होतो आणि फाटकावरचा माणूस कुठलीही सबब ऐकत नाही.