जोर देणारं औषधच ठोका चुकवतं तेव्हा

नमस्कार मंडळी! ही ईसीजीची पट्टी बघा.

(पडद्यावर: पट्टी, हळूहळू सरकती)

समजण्यापुरती मीच रेखाटलीय. भूल दिलेला गिनीपिग, शिरेतून थेंब थेंब वाबेन चालू. आधी ठोके शिस्तीत. मग हा एक रुंद, बेढब ठोका मध्येच घुसला. पुढे तसेच झुंडीनं येतात, हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि शेवटी रेघ सपाट.

आता गंमत बघा, वाबेन हे हृदयाला जोर देणाऱ्या औषधांपैकीच. डिजॉक्सिनचं भावंड. परसातल्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांतही याच जातीचं विष असतं, तेव्हा घरगुती प्रयोग नकोत!

घोळ होतो कॅल्शियमपाशी. पेशीतलं सोडियम बाहेर काढणारा पंप हे औषध अडवतं. आत सोडियम साठलं की कॅल्शियमचंही बाहेर जाणं मंदावतं. जास्त कॅल्शियम म्हणजे जास्त जोराचं आकुंचन. इथवर छान. पण साठा फारच भरला की दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत कॅल्शियम आपोआप सांडतं, विजेचा छोटा उंचवटा उठतो, आणि तो पुरेसा वाढला की आगंतुक ठोका पडतो. 1970च्या दशकात कुत्र्यांच्या पर्किंजे तंतूंत (हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा इशारा पोचवणारे धागे) अतिसूक्ष्म काचेच्या सुया घालून हे उंचवटे टिपले गेले.

हेच उंदरावर करून बघाल तर फसाल. त्याचा पंप या औषधांना सहजी दाद देत नाही, डोस कितीतरी पट लागतो. म्हणून ‘प्राण्यांवर सुरक्षित’ असं वाचलं की मी आधी विचारतो, कुठला प्राणी?

जोर देणारं दुसरं औषध मिलरिनोन. ते पंपाच्या वाटेला जात नाही, पण कॅल्शियम तेही वाढवतं. 1991च्या प्रॉमिस चाचणीत, हृदय फार कमजोर झालेल्या 1,088 रुग्णांमध्ये, त्या गोळ्यांच्या गटात मृत्यूचं प्रमाण 28 टक्क्यांनी जास्त निघालं. उलट पिमोबेंडान हे तिसरं औषध आहे त्याच कॅल्शियमला स्नायूकडून जास्त दाद मिळवून देतं. झडप गळणाऱ्या कुत्र्यांना ते मानवलं. 2016च्या एपिक अभ्यासात त्यांचं हार्ट फेल्युअर साधारण 15 महिने लांबलं.

घरात कुणाला डिजॉक्सिन चालू असेल तर एवढं बघा: लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलं की डिजॉक्सिन पंपाला जास्त चिकटतं, आणि रोजचाच डोस जड जातो. डॉक्टर पोटॅशियमची तपासणी लिहून देतात, ती टाळू नका.