सफरचंदाचं नाव विचारणाऱ्या दोघी

(सिंधुदुर्गातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं थोडं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेले बरेचजण छोट्या छोट्या संस्था चालवतात, कुणी नाटकाचं करतं, कुणी नदीचं, कुणी दोन्ही एकत्र. म्हणून मी आज एकाच संस्थेतल्या माणसांबद्दल बोलणार आहे. संस्था इंग्लंडमधली, नाव कॉमन ग्राउंड. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं त्या भागात होतो आणि या माणसांच्या कामाशी माझी गाठ एका सफरचंदामुळे पडली, तिथूनच सुरू करते.

ऑक्टोबर महिना, बाहेर बारीक पाऊस, गावचा हॉल म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारखाच. आत लांब टेबलं मांडलेली, त्यावर कागदी प्लेटा, एकेका प्लेटमध्ये तीन-तीन सफरचंदं आणि पुढे हाताने लिहिलेली नावाची चिठ्ठी. तोपर्यंत मला सफरचंद म्हणजे लाल आणि हिरवं एवढंच माहीत होतं, आणि इथं बघते तर खरबरीत तपकिरी सालीची, बटाट्यासारखी दिसणारी, लिंबाएवढी, नारळाच्या करवंटीएवढी, काही आतून गुलाबी. कोपऱ्यातल्या एका टेबलावर एक म्हातारे गृहस्थ सुरी घेऊन बसले होते आणि लोक आपापल्या परसातली फळं घेऊन त्यांच्यापुढे लाईन लावून उभे होते, विचारायचं एकच, हे कुठलं सफरचंद? माझ्या पुढे एक बाई होती, तिच्या कापडी पिशवीत पाच-सहा पिवळी फळं. त्या गृहस्थांनी एक हातात घेतलं, देठाजवळचा खळगा बोटाने चाचपला, उलटं करून खालचा डोळा बघितला, मग उभं कापलं, बियांचे कप्पे बघितले, वास घेतला, एक फोड खाल्ली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, याला नाव नाही, हे बी पडून आपोआप उगवलेलं झाड दिसतंय, जगात असं हे एकच. ती बाई म्हणाली, वडिलांनी कधी तोडू दिलं नाही ते झाड, आता वडील नाहीत. त्यावर त्यांनी तिच्यापुढे कोरी चिठ्ठी सरकवली, मग नाव तुम्हीच लिहा. तिने काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण ती प्लेट त्या दिवशी बाकीच्या प्लेटांच्या रांगेत मांडली गेली हे मी बघितलं.

तुम्हाला कोकणातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. कोयीचं झाड आणि कलम यातला फरक तुम्हाला पाळण्यापासून माहीत असतो. सफरचंदाचंही तेच आहे, बी लावलं की झाड आईसारखं निघत नाही, दरवेळी नवीनच काहीतरी निघतं, आणि एखादं चांगलं निघालं तर त्याच्या काड्या काढून खुंटावर कलम बांधायचं. ब्रॅम्ली नावाचं तिकडचं शिजवायचं सफरचंद आहे, ते 1809 साली साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने लावलेल्या बियांतून आलं, आज जगात जितकी ब्रॅम्लीची झाडं आहेत ती सगळी त्या एका झाडाची कलमं. म्हणजे परसातलं एक झाड कुणी तोडलं असतं तर एक अख्खी चव गेली असती.

तर तो जो हॉलमधला कार्यक्रम होता त्याला ॲपल डे म्हणतात, 21 ऑक्टोबरच्या आसपास करतात. मी चहा पिता पिता एका बाईंना विचारलं की ही फार जुनी प्रथा असणार ना, तर त्या म्हणाल्या, असेल की, आमच्या गावात पहिल्यापासून आहे. घरी जाऊन शोधलं तर पहिला ॲपल डे 1990 सालचा! लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला, जिथला फळबाजार 1974 मध्ये दुसरीकडे हलवला होता, तिथं सोळा वर्षांनी परत फळांचे स्टॉल लागले ते या दिवशी. आणि ते घडवलं होतं याच कॉमन ग्राउंड नावाच्या चिमुकल्या संस्थेने. त्या चहावाल्या बाईंना संस्थेचं नावही माहीत नव्हतं. मला वाटतं की या संस्थेच्या माणसांना याहून मोठी पावती कुणी देऊ शकलं नसतं, आणि आज मला बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल.

माणसं तीन. स्यू क्लिफर्ड, अँजेला किंग आणि रॉजर डीकिन. तिघंही फ्रेंड्स ऑफ दि अर्थ या पर्यावरण संघटनेच्या वर्तुळातले, अँजेला तर 1970 च्या दशकात तिथं वन्यजीवांच्या मोहिमा चालवायच्या, स्यू विद्यापीठात शिकवायच्या. डीकिन हे लेखक, सफोकमधल्या एका जुन्या घरात राहायचे, घराभोवतीच्या खंदकाच्या पाण्यात पोहायचे, 2006 मध्ये गेले. पण वर्षानुवर्षं रोजचं काम ओढलं ते स्यू आणि अँजेला या दोघींनीच, म्हणून शीर्षकात मी दोघी म्हटलंय.

1982 च्या सुमारास यांना जे खटकत होतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्यावरणाची चळवळ तोवर मोठी झाली होती, कायदे झाले होते, पण सगळं बोलणं दुर्मिळ गोष्टींबद्दल. दुर्मिळ पक्षी, दुर्मिळ फूल, खास दर्जा दिलेलं जंगल, आणि बोलणारे सगळे तज्ज्ञ. मग जिथं दुर्मिळ काहीच नाही, साधी पायवाट आहे, एक ओढा आहे, शाळेच्या वाटेवरचं एक झाड आहे, तिथल्या माणसाने काय करायचं? त्याचं जे प्रेमाचं आहे ते कुठल्याच यादीत बसत नाही, आणि यादीत नाही म्हणून बुलडोझर आला तर त्याच्याकडे बोलायला भाषाच नाही. या लोकांनी ठरवलं की आपण तिथं जाऊन उभं राहायचं. आणि भाषा आणायची ती कलेकडून, कारण आकडेवारीत प्रेम मांडता येत नाही पण चित्रात, गाण्यात, भरतकामात येतं. आपल्या गायरानासारख्या, सगळ्यांचा हक्क असलेल्या जमिनीला तिकडे कॉमन म्हणतात, संस्थेच्या नावातही तोच शब्द आहे.

पहिलं मोठं काम पॅरिश मॅपचं. पॅरिश म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीएवढा भाग समजा. 1987 मध्ये त्यांनी काही कलाकारांकडून आपापल्या ठिकाणाचे नकाशे करून घेतले, प्रदर्शन फिरवलं आणि लोकांना म्हणाले, आता तुम्ही करा. नकाशात काय घालायचं? तुम्हाला तुमच्या जागेत जे मोलाचं वाटतं ते, बस. स्केल चुकलं तरी चालेल. मग लोकांनी गोधडीसारखे कपड्याचे तुकडे जोडून नकाशे केले, भरतकामाचे केले, मातीच्या फरशांचे केले, भिंतीवर रंगवले. कुणी शेतांची जुनी नावं घातली, कुणी एखादं कुंपण जिथं फुलं आधी येतात ते घातलं. मी एक कापडाचा बघितलाय, त्याच्या कडेला गावातल्या घरांची दारं भरलेली होती, प्रत्येक घराचं दार त्या घरातल्या माणसाने भरलेलं, काहींचे टाके इतके वाकडे की बघून डोळ्यात पाणी यावं, कारण आयुष्यात पहिल्यांदा सुई धरलेल्या हाताचे टाके होते ते. पुढे ही कल्पना इटलीत गेली, तिकडच्या गावांनी स्वतःचे नकाशे केले.

आता त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट. 1987 च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये एका रात्रीत प्रचंड वादळ झालं, दीड कोटी झाडं पडली असा अंदाज आहे. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे करवती आणि ट्रॅक्टर, साफसफाई, पडलेलं सगळं उचला. कॉमन ग्राउंडने तेव्हा काय केलं तर पोस्टकार्डं छापली. थांबा, पडलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड नाही, मुळाचा एक भाग मातीत असेल तर ते आडवं होऊनही जगतं, नवीन धुमारे फुटतात. एवढंच साधं. आणि नंतर लक्षात आलं की वादळाने जितकं नुकसान केलं त्यात साफसफाईने बरीच भर घातली होती. आपल्याकडे 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत जी बागांची अवस्था झाली ती आठवून मला ही पोस्टकार्डं फार जवळची वाटतात.

कलाकारांशी त्यांचं वागणंही वेगळं होतं. कलाकाराला आधी गावात राहायला, चालायला, लोकांशी बोलायला लावायचं. अँडी गोल्ड्सवर्दी आज जगभर नावाजलेला शिल्पकार आहे, तो 1985 च्या थंडीत लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या मोकळ्या माळावर पानं, बर्फ, काटक्या घेऊन काम करत होता त्यामागे कॉमन ग्राउंडही होतं. डॉर्सेटमध्ये लल्वर्थजवळ पीटर रँडल-पेज या शिल्पकाराने शंख-शिंपल्यांच्या आकाराची दगडी शिल्पं केली, ती पायवाटेच्या कडेला दगडी भिंतीच्या कोनाड्यात ठेवलीत, आपल्याकडे वाटेवर देव असतो ना तशी. बोर्ड नाही, दिवे नाहीत. चालणाऱ्याला दिसतात.

बागांचं काम 1988 पासून. तिकडे जुन्या, मोठ्या झाडांच्या, खाली मेंढ्या चरतात अशा फळबागा फार होत्या, त्या झपाट्याने गेल्या. नॅशनल ट्रस्ट या तिकडच्या वारसा जपणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये जुन्या नकाशांवरून हिशोब काढला तर 1900 पासून इंग्लंड-वेल्समधल्या अशा 81 टक्के बागा संपल्यात. केंटमधल्या ब्रॉगडेलच्या राष्ट्रीय संग्रहात 2,000 हून जास्त जातींची सफरचंदं जपलेली आहेत आणि दुकानात मिळतात पाच-सहा. स्यू आणि अँजेला यांचं म्हणणं की बाग गेली म्हणजे नुसती झाडं जात नाहीत, त्या फळाची रेसिपी जाते, कलम बांधायचं कसब जातं, बागेतली गाणी जातात, पोकळ खोडात राहणारा पाखरू-किडा जातो. नोबल चेफर नावाचा एक हिरवा चमकणारा भुंगा आहे, तो जास्त करून जुन्या फळझाडांच्या कुजक्या लाकडात वाढतो, झाड म्हातारं झालं म्हणून तोडलं की त्याचं घर गेलं. कला आणि पर्यावरण असे दोन विभाग त्यांच्याकडे नव्हतेच, एका सफरचंदात दोन्ही होतं. त्यातून कम्युनिटी ऑर्चर्ड, म्हणजे गावाने मिळून राखलेली बाग ही कल्पना आली आणि 2007 मध्ये जुन्या पद्धतीच्या फळबागांना सरकारने आधी जपायच्या ठरवलेल्या अधिवासांच्या यादीत जागा मिळाली.

आता संस्था चालवणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या. एवढं सगळं करणारी ही संस्था कायम मूठभर माणसांची राहिली. आधी लंडनला, नंतर डॉर्सेटमध्ये शाफ्ट्सबरीला ऑफिस. सभासद नाहीत, शाखा नाहीत. पैसा इकडून तिकडून ग्रँट मिळवून, आणि ग्रँटचं दुखणं तिकडेही तेच. ॲपल डे सुरू केला आणि त्याची चावी स्वतःकडे ठेवली नाही, परवानगी मागू नका, कसा करायचा ते आम्ही लिहून दिलंय, करा. दहा वर्षांत देशभर शेकडो ठिकाणी होऊ लागला. डिसेंबरच्या पहिल्या वीकेंडचा ट्री ड्रेसिंग डे, म्हणजे झाडाला कापड-दिवे-रिबिनी बांधून त्याच्याभोवती जमायचं, तोही असाच सोडून दिला. आपण काय करतो, उपक्रम चालला की आधी लोगो, मग बॅनर, मग दुसऱ्या संस्थेने केला तर रुसवा. मी हे रागाने नाही, काळजीने म्हणतेय, चांगली चांगली माणसं यात दमताना मी बघितलीत. या दोघींनी जवळपास तीस वर्षं काम करून संस्था पुढच्या माणसांच्या हाती दिली, कागदपत्रं एक्सेटर विद्यापीठात ठेवली. नेमकं कितीजणांपर्यंत पोचलो हे त्यांना कधीच मोजता आलं नसणार, कारण गोष्ट लोकांची झाली की तिच्यावर पाटी राहत नाही.

परत आल्यावर मी माझ्या सासरच्या गावात चौकशी केली. लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेल्या माहितीची वही, 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीने करायची, ती आमच्याकडे झालेली होती. एका संस्थेची दोन मुलं आली होती, एक दिवस ऑफिसात बसली, तिघांना विचारलं, छापील फॉर्म भरला, वही कपाटात. माझ्या चुलत सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, त्यांना कुणी विचारलंच नाही. मी विचारलं, काकी, आपल्या वाडीत रायवळ आंबे किती? तर त्या ओटीवर बसल्या बसल्या बोटं मोडत सांगायला लागल्या, शेपू, बिटकी, खोबऱ्या, शेंदऱ्या, साखऱ्या, विहिरीवरची गोटी, कुठल्याचं लोणचं, कुठल्याचं साठ म्हणजे आंबापोळी, कुठल्याला पोरं दगड मारायची, कुठला रस्ता रुंद करताना गेला. बावीस झाडं. त्यातली नऊ आज उभी आहेत, आम्ही जाऊन मोजली.

मग आम्ही नकाशा करायला घेतला. गोधडीचाच, कारण वाडीतल्या सगळ्या बायकांना ते येतं. जुन्या लुगड्यांचे तुकडे, ओढ्याला निळं इरकल, पाणंदीला तपकिरी, प्रत्येक आंब्याला त्या त्या घरच्या साडीचा तुकडा. गेलेली तेरा झाडं घालायची का यावर दोन संध्याकाळी वाद झाला, शेवटी काकी म्हणाल्या, घाला, पण नुसत्या धाग्याने, कापड लावू नका. तशी घातलीत. त्यातल्या एका धाग्याच्या झाडाशेजारी यंदा पावसाळ्यात एका पोराने कोय लावली आणि मला येऊन विचारलं की याला आता कापड लावायचं का.

आज नकाशा दाखवायला आणणार होते, पण विहिरीकडचा कोपरा राहिलाय, तो काकींकडे आहे, त्या दुसऱ्या कुणाला तो शिवू देत नाहीयेत.