कुठली प्रत बघताय?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गाजलेली चित्रं आणि त्यांच्यामागच्या गोष्टी’. गोष्टी सांगणारच आहे. पण त्याआधी एक आग्रह धरणार आहे. चित्रामागची गोष्ट विचारण्याआधी आपल्यासमोर त्या चित्राची कुठली प्रत आहे, ते विचारायचं. कारण पुष्कळदा खरी गोष्ट प्रतीतच अडकलेली असते.

पडद्यावर बघा. पॅरिसमधला बुलेव्हार द्यू तांप्ल हा रस्ता, साल १८३८, टिपणारा लुई दागेर. उंच खिडकीतून घेतलेलं दृश्य आहे. छपरं, धुराडी, झाडांच्या रांगा, सगळं लख्ख. आणि रस्ता ओसाड. आता खाली डाव्या कोपऱ्याकडे या. मागच्या रांगेतल्यांनी जरा पुढे आलात तरी चालेल, कारण आकृती अगदी एवढीशी आहे. एक माणूस एक पाय वर टेकवून उभा आहे. तो बूट पॉलिश करून घेतोय. माणूस दिसतो असं आपल्याला माहीत असलेलं हे सर्वांत जुनं छायाचित्र.

मथळे इथेच थांबतात. पण रस्ता ओसाड का? तो तर घोडागाड्यांनी आणि माणसांनी गजबजलेला असायचा. कॅमेऱ्याच्या भिंगाचं झाकण काही मिनिटं उघडं होतं, हे त्याचं कारण. हिशेब सोपा आहे. समजा, एखादा माणूस एका जागी एकूण वेळेच्या दहाव्या हिश्शाइतकाच थांबला. उरलेले नऊ हिस्से त्या जागेवरून मागच्या उजळ रस्त्याचाच प्रकाश येत राहिला. मग माणूस पुसला जातो. चालणाऱ्याला तर एका जागी सेकंदही मिळत नाही. बूट पॉलिशवाल्याच्या गिऱ्हाइकाला मात्र पाय हलवून चालत नाही, म्हणून तो उरला.

तारयंत्रवाला सॅम्युएल मोर्स मार्च १८३९ मध्ये दागेरला भेटला, आणि ही चित्रं पाहून त्यानं घरी पत्र लिहिलं. गर्दीचा रस्ता निर्मनुष्य दिसतो, फक्त बूट पुसून घेणारा एक जण आहे. त्याचे पाय नि बूट स्पष्ट, पण धड आणि डोकं नाही, कारण ते हलत होते. काय नजर आहे बघा! चित्रात काय नाही आणि ते का नाही, हे त्यानं पहिल्याच भेटीत ओळखलं. दुसऱ्याच दिवशी दागेर मोर्सकडे परतभेटीला गेलेला असताना त्याचं डायोरामा नाट्यगृह जळून खाक झालं.

दागेरचं चित्र कागदावर नाही, तर धातूच्या पाटीवर उमटायचं. ती पाटी कशी बनायची, ते सांगतो. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा. तो आरशासारखा होईपर्यंत घासायचा. अंधारात आयोडीनच्या वाफेवर धरायचा. सोनेरी पिवळा रंग आला की थांबायचं, पुढे गेलं की पाटी प्रकाश टिपायला मंदावते. मग कॅमेऱ्यात. बाहेर काढली तर वर काहीच दिसत नाही. सुमारे ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या पाऱ्याची वाफ दिली की जिथे उजेड पडला तिथे पाऱ्याचे बारीक पांढुरके कण धरतात, आणि चित्र उमटतं. पाऱ्याची वाफ विषारी असते, हे वेगळं सांगायला नको. शेवटी मिठाच्या किंवा हायपो नावाच्या क्षाराच्या पाण्यानं, प्रकाश न लागलेला चांदी-आयोडीनचा उरलेला थर धुवायचा.

म्हणजे सावली कुठली? तर ती नुसती उघडी चांदी. समोर काळं कापड धरलं तर ती काळी दिसते, पांढरं धरलं तर चित्र उलटंच भासतं. निगेटिव्ह नाही, त्यामुळे दुसरी प्रतही नाही. आरशासारखी डावी-उजवी अदलाबदल होते, ती वेगळीच. आणि बोट फिरवलं की चित्र गेलं. चित्र टिकावं म्हणून पाटीवर सोन्याचा थर देण्याची फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो याची रीत आली १८४० मध्ये. ही पाटी त्याआधीची.

दागेरनं ती बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याला पाठवली होती. पुढे विसाव्या शतकात ती साफ करायला घेतली आणि चित्र जवळजवळ नाहीसं झालं. पडद्यावर आहे ती नासाडीपूर्वी काढून ठेवलेल्या फोटोंवरून केलेली प्रत. ‘मूळ चित्र’ म्हणून छापलं जातं ते हेच, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रतीची प्रत आहे एवढं मथळ्यात लिहायला एक ओळ पुरते.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा उरलेली दोन चित्रं झपाट्यानं घेतो.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचं ‘मायग्रंट मदर’, म्हणजे स्थलांतरित मजूर आईचं चित्र. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. खाली उजव्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. लँगला तो खटकायचा, म्हणून १९३९ मध्ये निगेटिव्हवरच तो पुसट करून घेतला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाची मोठी फाइल उतरवून तो कोपरा वाढवून बघा, अंगठ्याची पुसट छाया अजून दिसते. लहान प्रतीत ती कधीच दिसणार नाही. म्हणून सांगतो, इंटरनेटवर चित्र देऊन त्याच चित्राच्या इतर प्रती हुडकायच्या (याला उलटा शोध म्हणतात), सर्वांत मोठी प्रत घ्यायची, संग्रहाचा क्रमांक टिपायचा आणि चारही कोपरे आधी बघायचे. चित्रातल्या दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं उलटी असतील तर बाजू बदललेली आहे.

तिसरं ‘अर्थराइज’, म्हणजे चंद्राच्या कडेवरून उगवणाऱ्या पृथ्वीचं चित्र. २४ डिसेंबर १९६८, चंद्राभोवती फिरणारं अपोलो ८ यान, अंतराळवीर विल्यम अँडर्स. पहिलं छायाचित्र कृष्णधवल आलं. मग त्यानं घाईघाईनं रंगीत फिल्म मागितली, हॅसलब्लाड कॅमेऱ्याची फिल्मची डबी बदलली, आणि साधारण मिनिटभरानं २५० मिलिमीटरच्या लेन्समधून हे टिपलं. नासाचा क्रमांक एएस०८-१४-२३८३. आपण ते चंद्राची जमीन खाली ठेवून बघतो. अँडर्सच्या चौकटीत उत्तर वर आहे, चंद्राची कड उजवीकडे उभी आणि पृथ्वी तिच्या डावीकडे. उगवल्याचा भास ९० अंश फिरवल्यामुळे अधिकच पक्का झाला. चंद्रावर उभं राहणाऱ्याला पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी दिसते. वर येताना ती दिसली ती यान चंद्राभोवती फिरत होतं म्हणून.

बाहेर दाराशी ‘अर्थराइज’च्या दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या आहेत. डावीकडची आहे ती अँडर्सच्या चौकटीतली.