सातबारा अलेक्झांड्राच्या नावावर

(पहिले दहा सेकंद नुसता वारा, निवेदन नाही)

हे गवत बघा. वर दिसतंय त्याच्यापेक्षा खाली जास्त आहे, मुळं आठ-दहा फूट खोल जातात. अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य, रेड क्लाउड गावाच्या दक्षिणेला ६१२ एकरांचं हे माळरान, याला नांगर कधी लागलाच नाही. लेखिका विला कॅथर १८८३ मध्ये नऊ वर्षांची असताना व्हर्जिनियाहून इकडं आली तेव्हा चहूकडं असंच होतं, झाड शोधावं लागायचं.

(फाळाचा क्लोजअप)

असली जमीन फोडायची म्हणजे काय ते या फाळाकडं बघून कळतं. मुळांची वीण इतकी घट्ट की ढेकूळ सुटायचंच नाही, पट्टाच्या पट्टा उलटायचा, मग तोच कापून विटा करायच्या आणि त्याच विटांचं घर बांधायचं, पावसात छतातून चिखल गळायचा ते वेगळंच.

कॅथरची 'ओ पायोनियर्स!' ही कादंबरी १९१३ ची. बाप मरताना शेत पोरीच्या हवाली करतो, अलेक्झांड्राच्या. तीन वर्षं बरी जातात, मग दुष्काळ, शेजारी विकून निघालेत, भाऊ म्हणतात आपण पण विकू, आणि ही बाई काय करते तर नदीकाठची शेतं स्वतः फिरून बघते, माणसांशी बोलते आणि परत येऊन घरची जमीन गहाण टाकते, निघालेल्यांची जमीन घ्यायला! डुकरं दगावायला लागली तर लोकांनी वेडा ठरवलेल्या म्हाताऱ्या आयव्हरला जाऊन विचारते. तो म्हणतो, सावली दे, स्वच्छ पाणी दे. बाई आणि निसर्ग म्हटलं की आपल्याला फुलं-चांदणं आठवतं, इथं ते नातं डुकरांच्या खोपटापाशी सुरू होतं.

पुढं शेत फळाला आल्यावर तेच भाऊ येऊन ऐकवतात, घराण्याची जमीन शेवटी पुरुषांचीच. (ओळखीचं वाटतंय ना?) सरकारी जमीन वसून कसणाऱ्याला देणारा १८६२ चा होमस्टेड कायदा, त्यात १६० एकरांसाठी बाई अर्ज करू शकायची, पण एकटी असली तर, नवरा असला की अर्ज त्याचा.

त्याआधी हा मुलूख पॉनी या मूळनिवासी लोकांचा, त्यांच्या बायका मका-घेवडा पिकवायच्या, १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं.

(शेतघर, लांबून)

हे पावेलकांचं घर. बोहेमियातून (आजच्या चेक देशातून) आलेली ऍना पावेलका इथं राहायची, तिच्यावरूनच कॅथरच्या 'माय अँटोनिया' कादंबरीतली अँटोनिया उभी राहिली. बाप गेल्यावर ही अँटोनिया नांगर धरते, उन्हानं रापते आणि दंड दाखवत मिरवते, सभ्य शेजाऱ्यांना ते अजिबात आवडत नाही.

आणि हा तळघराचा दरवाजा. आपल्याकडं धान्याचं पेव असायचं ना, तसलंच समजा, फक्त पायऱ्यांचं. खाली लोणच्याची पिंपं, फळांच्या बरण्या. पुस्तकात अँटोनियाची सगळी पोरं इथूनच उन्हात धावत वर येतात.

(दरवाजा उघडतो. वीस सेकंद. फक्त पावलांचा आवाज ठेवा, म्युझिक नको)